दोन चौकटींच्या मधला नाच

2007 साली कॅनडात ‘नॉर्मन’ नावाचा एक प्रयोग रंगमंचावर आला. या प्रयोगात हाडामांसाचा माणूस एकच, पीटर ट्रोस्टमर हा नर्तक. बाकी सगळा खेळ प्रकाशाचा. त्याच्याभोवती हवेतच रेषा उगवतात, रंगांचे फराटे उठतात, आकृत्या फुटतात आणि जुळतात. मधूनच पूर्ण उंचीची पण आरपार दिसणारी माणसं त्याच्या शेजारी प्रकट होतात. ॲनिमेशनकार नॉर्मन मॅक्लॅरेनला जवळून ओळखणारी ही माणसं आठवणी सांगतात आणि विरून जातात. नर्तक कधी ऐकतो, कधी बोलतो आणि बऱ्याचदा नाचून उत्तर देतो. ज्याच्या सन्मानासाठी हे सगळं चाललं होतं, तो मॅक्लॅरेन जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.

प्रयोग उभा केला मिशेल लेम्यू आणि व्हिक्टर पिलाँ या माँट्रियलच्या जोडीने, त्यांच्या ‘फोर-डी आर्ट’ या संस्थेतर्फे. नृत्यरचना ट्रोस्टमर आणि थिया पॅटरसन यांची. मॅक्लॅरेनने ज्या संस्थेत आयुष्य घालवलं त्या नॅशनल फिल्म बोर्ड ऑफ कॅनडाच्या भांडारातल्या फिल्म्स हा प्रयोगाचा कच्चा माल.

चित्रकाराचा गौरव करायचा तर प्रदर्शन भरवतात, दिग्दर्शकाचा करायचा तर चित्रपट महोत्सव घेतात. मग ॲनिमेशन करणाऱ्या माणसाचा गौरव नाचून का करायचा? माझं उत्तर असं, की मॅक्लॅरेन हातात पेन घेऊन काम करत असला तरी मुळात तो नृत्य रचत होता. त्याच्या कामाचं सार पकडायला नर्तकाइतका जवळचा माणूस दुसरा नाही. हे पटवून द्यायचं तर आधी त्याच्या कामाच्या टेबलापाशी जावं लागेल.

मॅक्लॅरेनचा जन्म 11 एप्रिल 1914 चा, स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगचा. घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करणाऱ्या बापाचा हा मुलगा ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेला आणि तिथे त्याला सिनेमाचं वेड लागलं. सिनेमा करायचा होता, पण कॅमेरा नव्हता. त्याने एक जुनी, वापरून झालेली फिल्म मिळवली, तिच्यावरचा चित्रांचा थर धुऊन काढला आणि उरलेल्या पारदर्शक पट्टीवर रंगीत शाईने थेट चित्रं काढली. प्रोजेक्टरमधून ती पट्टी फिरली तेव्हा पडद्यावर रंग नाचू लागले. मधे कॅमेरा नाही, छायाचित्र नाही, प्रयोगशाळा नाही. हाताची खूण थेट पडद्यावर.

पुढचा प्रवास थोडक्यात. ग्लासगोच्या हौशी चित्रपट महोत्सवात परीक्षक म्हणून आलेल्या माहितीपटकार जॉन ग्रिअर्सनने त्याला हेरलं आणि लंडनला ब्रिटिश टपाल खात्याच्या चित्रपट विभागात नेलं. 1936 साली स्पेनमधल्या यादवी युद्धात तो कॅमेरामन म्हणून गेला आणि तिथे पाहिलेली हिंसा त्याच्या मनातून कधी गेली नाही. 1937 साली लंडनमध्ये बॅले पाहायला गेला असताना गाय ग्लोव्हर भेटला. हा आयुष्यभराचा जोडीदार त्याला नाचाच्या निमित्तानेच मिळाला. 1939 साली न्यूयॉर्क, आणि 1941 साली ग्रिअर्सनच्याच बोलावण्यावरून कॅनडा. नव्या नॅशनल फिल्म बोर्डात त्याने ॲनिमेशनचा विभाग उभा केला आणि तिथेच तो अखेरपर्यंत रमला.

आता त्याचं टेबल पाहू. 35 मिलिमीटर फिल्मची एक चौकट साधारण 22 मिलिमीटर रुंद आणि 16 मिलिमीटर उंच. पडद्यावरच्या एका सेकंदाला अशा 24 चौकटी लागतात, म्हणजे दीड फूट फिल्म. एका मिनिटाला 1,440 चौकटी. त्या प्रत्येकीत टोकदार निबाने एकेक कोंबडी, एकेक ठिपका, एकेक रेघ काढायची. पुसलेल्या पारदर्शक फिल्मवर दोन चौकटींच्या मधे आखलेली रेघसुद्धा नसते. सहा मीटर रुंदीच्या पडद्यावर ही चौकट पावणेतीनशे पट मोठी होते. त्यामुळे हात एक मिलिमीटर इकडचा तिकडे झाला तर पडद्यावरची कोंबडी वीतभर उडते. यावर उपाय म्हणून मॅक्लॅरेनने एक साधन जुळवलं होतं. त्यात लोलकाच्या मदतीने आधीच्या चौकटीचं प्रतिबिंब नव्या कोऱ्या चौकटीवर पडे. आपण नुकतं काय काढलं ते पाहत पाहत पुढचं चित्र त्यापासून किती सरकवायचं हे तो ठरवायचा.

हे ‘किती सरकवायचं’ हाच त्याच्या कलेचा गाभा. ॲनिमेशन म्हणजे हलणारी चित्रं नव्हे, तर रेखाटलेली हालचाल, आणि एका चौकटीत काय आहे त्यापेक्षा दोन चौकटींच्या मधे काय घडतं याला जास्त महत्त्व आहे, असं तो मानत असे. ठिपका चौकटीमागे सारखाच सरकला तर तो यंत्रासारखा चालतो. आधी थोडा, मग जास्त, मग पुन्हा थोडा सरकला तर तो उडी मारतो. क्षणभर रेंगाळून एकदम सुटला तर खट्याळ वाटतो. ठिपक्याला चेहरा नाही, हातपाय नाहीत, तरी त्याचा स्वभाव कळतो, आणि तो कळतो चौकटी-चौकटींमधल्या अंतरांवरून.

नाच शिकलेल्या कुणालाही हे नवीन वाटणार नाही. दोन मुद्रा बरोबर आल्या पण एकीतून दुसरीत जाणं अडखळलं, तर गुरू पुन्हा करायला लावतात. नर्तिका आणि संशोधक पद्मा सुब्रह्मण्यम यांनी नाट्यशास्त्रातल्या करणांचा, म्हणजे हातापायांच्या एकत्रित हालचालींचा, अभ्यास करून हेच आग्रहाने मांडलं, की देवळांच्या भिंतींवरची करणांची शिल्पं म्हणजे स्थिर ढब नसून एका चालत्या हालचालीतला पकडलेला एक क्षण आहे. मॅक्लॅरेनने हा विचार स्वतंत्रपणे, हातात फिल्मची पट्टी धरून केला.

त्याच्या कामात नाच किती खोल भिनला होता हे तीन फिल्म्समधून दिसतं. पहिली ‘नेबर्स’, 1952 ची. 1949-50 मध्ये युनेस्कोच्या कामासाठी तो चीनमध्ये होता. गावकऱ्यांना आरोग्याचे धडे देण्यासाठी चित्रं आणि फिल्मच्या पट्ट्या कशा बनवायच्या हे तो स्थानिक कलावंतांना शिकवत होता. त्याच काळात तिथे राज्यक्रांती झाली आणि लगोलग कोरियाचं युद्ध पेटलं. परतल्यावर केलेल्या ‘नेबर्स’मध्ये दोन शेजारी आहेत. दोघांच्या अंगणांच्या सीमेवर एक फूल उगवतं. ते कुणाचं यावरून भांडण लागतं, कुंपण येतं, मारामारी होते आणि शेवटी दोघेही मरतात. आठ मिनिटांत युद्धाचं सगळं तर्कशास्त्र संपतं.

यातली पात्रं खरी माणसं आहेत, पण ती चित्रांसारखी एकेक चौकट करून टिपली आहेत. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी रोप उगवतानाची वाढ अशीच थांबत थांबत टिपली होती, मॅक्लॅरेनने तीच युक्ती माणसांवर वापरली. नट उडी मारतो, सर्वांत वर असताना एक चौकट घेतली जाते, मग पाऊल पुढे टाकून पुन्हा उडी, पुन्हा एक चौकट. पडद्यावर माणूस गवताच्या वीतभर वरून तरंगत जातो. त्यामागे नटाच्या पोटऱ्यांचे किती हाल झाले असतील याचा विचार करा. ही मेहनत नर्तकाचीच आहे. फक्त इथे ताल कॅमेऱ्याच्या खटक्याचा. ‘नेबर्स’चा आवाजसुद्धा वाद्यांचा नाही. कागदी पट्ट्यांवर काढलेल्या काळ्या-पांढऱ्या रेघांचे नमुने फिल्मच्या ध्वनिपट्टीवर छापून त्याने तो तयार केला. या फिल्मला ऑस्कर मिळालं आणि 2009 साली युनेस्कोने तिला जागतिक स्मृतींच्या नोंदवहीत स्थान दिलं.

दुसरी फिल्म 1957 ची ‘अ चेअरी टेल’, क्लोद झ्युत्रा या दिग्दर्शकाबरोबर केलेली. एका तरुणाला खुर्चीवर बसून पुस्तक वाचायचं आहे. खुर्ची त्याला बसू देत नाही. ती सरकते, पळते, उधळते, रुसते. तरुण जबरदस्ती करतो, लाडीगोडी लावतो, दुर्लक्ष करून पाहतो. अखेर त्याच्या लक्षात येतं की खुर्चीला आधी स्वतःला बसायचं आहे. तो तिला आपल्यावर बसू देतो आणि मग ती त्याला बसू देते. खुर्ची बारीक दोऱ्यांनी हलवली आहे आणि ती हलवण्यात मॅक्लॅरेनची दीर्घकाळची सहकारी एव्हलिन लॅम्बार्टचा मोठा वाटा आहे. मॅक्लॅरेनचं नाव घेताना हे नाव मागे राहतं याची मला नेहमी खंत वाटते. 1949 सालची ‘बिगॉन डल केअर’ ही ऑस्कर पीटरसनच्या जॅझवर थेट फिल्मवर रंगवलेली अप्रतिम कृतीही या दोघांची मिळून आहे.

‘अ चेअरी टेल’चं संगीत ऐकताच भारतीय प्रेक्षक सावरून बसतो. सतार रविशंकरांची, तबला चतुरलाल यांचा, तंबोरा मोदू मलिक यांचा. संपूर्ण फिल्ममध्ये एक शब्द नाही. खुर्ची हटून बसली की तबला तिच्या बाजूने बोलतो, तरुण विनवणी करतो तेव्हा सतारीची मींड त्याची बाजू घेते. सवाल-जवाबात वाढलेल्या कानांना हे भांडण लगेच कळतं. पुष्कळ जण विसरतात की रविशंकर लहानपणी थोरल्या भावाच्या, उदयशंकरांच्या नृत्यमंडळात नर्तक होते, आणि सतारीकडे पूर्ण वेळ वळले ते नंतर. खुर्चीच्या नाचाला साथ द्यायला याहून योग्य माणूस कोण मिळणार होता?

तिसरी, आणि माझ्या मते त्याची सर्वश्रेष्ठ, 1968 ची ‘पा द द’. मार्गारेट मर्सिये आणि व्हिन्सेंट वॉरन हे बॅले नर्तक, नृत्यरचना लुडमिला शिरियाएफ यांची, संगीत रुमानियातल्या पॅनबासरीचं. काळी जमीन, काळी पार्श्वभूमी, नर्तक पांढऱ्या पोशाखात. उजेड मागून आणि बाजूने असा टाकला आहे की अंग दिसत नाही, फक्त त्याची कड उजळते. माणूस म्हणजे प्रकाशाची एक वळणदार रेघ. मग मॅक्लॅरेन हे चित्रण ऑप्टिकल प्रिंटर नावाच्या यंत्रावर घेतो आणि एकच हालचाल काही चौकटींच्या अंतराने पुन्हा पुन्हा त्याच फिल्मवर छापतो. काही ठिकाणी अकरा वेळा. नर्तिका हात उचलते आणि त्या हाताने जिथून जिथून प्रवास केला त्या सगळ्या जागा एकाच वेळी पंख्यासारख्या उघडतात. ती थांबली की मागून येणाऱ्या तिच्याच आकृत्या एकेक करून तिच्यात मिसळतात. जे एरवी दोन चौकटींच्या मधे हरवतं ते इथे डोळ्यांना दिसतं. 1968 पर्यंत आयुष्यभर जे तो म्हणत आला, ते त्याने या तेरा मिनिटांत सिद्ध करून दाखवलं.

ही पार्श्वभूमी असली की ‘नॉर्मन’ची कल्पना सहज कळते. ज्याने नाचाला रेघेत उतरवलं, त्याच्या रेघा पुन्हा नाचणाऱ्या शरीराशेजारी आणून ठेवायच्या.

तंत्राचं मूळ जुनं आहे. 1862 च्या नाताळात लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर या व्याख्यात्याने रंगमंचावर भूत दाखवलं होतं. प्रेक्षक आणि नट यांच्या मधे मोठी काच तिरकी उभी केलेली. प्रेक्षकांना न दिसणाऱ्या खड्ड्यात दुसरा नट प्रखर उजेडात उभा. त्याचं प्रतिबिंब काचेत पडायचं आणि ते काचेमागच्या नटाच्या शेजारी उभं असल्यासारखं दिसायचं. मूळ कल्पना हेन्री डिर्क्स या अभियंत्याची, पण हा प्रयोग ओळखला जातो तो ‘पेपरचं भूत’ म्हणून. आजच्या रंगभूमीवरच्या ‘आभासी’ पात्रांची वंशावळ बहुतेक करून इथपर्यंत पोचते. काचेच्या जागी पातळ पारदर्शक पडदे आले आणि खड्ड्यातल्या नटाच्या जागी प्रोजेक्टर. लेम्यू आणि पिलाँ यांनी या कुळातल्या तंत्रावर वर्षानुवर्षं मेहनत घेतली. 2005 साली शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मध्ये त्यांनी जिवंत नट आणि आभासी नट एकत्र खेळवले होते.

या तंत्राचा एक नियम मॅक्लॅरेनच्या कामाला फार अनुकूल ठरतो. पारदर्शक पडद्यावर काळा रंग दिसत नाही, कारण काळा म्हणजे प्रकाशाचा अभाव. चित्रातलं जे काळं, तिथून मागचा रंगमंच दिसतो. जे उजळ, ते हवेत तरंगतं. ‘पा द द’ जवळजवळ सगळी काळी आहे. ‘ब्लिंकिटी ब्लँक’, जिला 1955 साली कान महोत्सवात लघुपटाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, ती तर काळ्या फिल्मवर चाकू-सुईने ओरखडे काढून केलेली. मधल्या कित्येक चौकटी त्याने मुद्दाम कोऱ्या काळ्या सोडल्या. अशा कृती पडद्याची चौकट सोडून नर्तकाच्या अंगाभोवती येऊ शकतात. हिरवळीवर, लख्ख उन्हात घडणाऱ्या ‘नेबर्स’ला ही मुभा नाही.

आता नर्तकाची बाजू पाहू. प्रेक्षकांना ज्या रेषा त्याच्या खांद्याला टेकलेल्या दिसतात, त्या पडद्यामागे उभ्या असलेल्या नर्तकाला त्याच जागी दिसत नाहीत. प्रतिबिंब प्रेक्षकांच्या बाजूने जुळतं. त्याच्या बाजूला फक्त अंधार आणि डोळ्यांवर येणारा उजेड. कुठे उभं राहायचं हे जमिनीवरच्या खुणांवरून आणि पाठ केलेल्या मोजणीवरून ठरवायचं. अर्धं पाऊल चुकलं की रेघ अंगातून आरपार जाते आणि प्रेक्षकांची जादू मोडते. शिवाय समोरचा जोडीदार कधीच थांबत नाही. जिवंत जोडीदार तोल गेलेला पाहून क्षणभर रेंगाळेल, फिल्म रेंगाळणार नाही. कथक नर्तकाला लेहऱ्याशी, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजत राहणाऱ्या सुरावटीशी, जे नातं सांभाळावं लागतं तेच इथे. लेहरा आपल्या गतीने फिरत राहतो, तुकडा कितीही अवघड असो, समेवर तुम्हीच यायचं असतं. यातूनच ‘नॉर्मन’मधला खरा ताण निर्माण होतो. मॅक्लॅरेनने कित्येक दशकांपूर्वी ठरवलेल्या अंतरांशी आजच्या एका देहाने दररोज जुळवून घ्यायचं.

या प्रयोगातला मला सर्वांत पटलेला निर्णय असा, की ट्रोस्टमर मॅक्लॅरेनची भूमिका करत नाही. तो स्वतः म्हणून येतो. या माणसाच्या फिल्म्सनी झपाटलेला आणि त्याचा शोध घेणारा एक कलावंत म्हणून. आपल्याकडे थोरांवर प्रयोग करायचा म्हटलं की आधी चेहऱ्याचं साम्य शोधतात, मग चष्मा, पोशाख, लकबी. त्यात कलावंत दिसतो, त्याची कला क्वचितच. ‘नॉर्मन’मध्ये मॅक्लॅरेनच्या रेषा मंचावर प्रत्यक्ष हजर असतात आणि त्यांना प्रतिसाद देणारं शरीरही.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. मॅक्लॅरेनचं मोठेपण त्याच्या काटकसरीत होतं: एक पेन, थोडी शाई, फिल्मची पट्टी. त्याच्या गौरवासाठी प्रोजेक्टर आणि संगणक यांचा एवढा पसारा मांडणं विसंगत नाही का? मला तसं वाटत नाही. मॅक्लॅरेन यंत्रांचा विरोधक कधीच नव्हता. ऑप्टिकल प्रिंटर त्या काळातलं महागडं यंत्र होतं आणि त्याने ते पिळून वापरलं. त्याची अट एवढीच होती की यंत्रातून हाताची जाण दिसली पाहिजे. बहुमाध्यमी नृत्यप्रयोगांची परीक्षाही याच अटीवर व्हावी. पडद्यावर चित्र मोठं आणि झगझगीत झालं की डोळा तिकडेच जातो आणि खाली नाचणारा माणूस उजेडात हरवतो. आपल्याकडे हल्ली एलईडी पडदे लावून होणाऱ्या कित्येक नृत्यकार्यक्रमांत हेच घडतं. मागे ढग, धबधबे, मंदिरं फिरत राहतात आणि पुढच्या मुलीच्या पायांतली तयारी कुणी पाहत नाही. ‘नॉर्मन’मध्ये प्रकाश आणि देह एकमेकांवाचून अपुरे आहेत. रेषा काढून टाकली तर नर्तकाची हालचाल कळत नाही, नर्तक काढून टाकला तर ती फिल्म उरते, प्रयोग उरत नाही. नृत्यात पडदा वापरणाऱ्या प्रत्येकाने ही कसोटी स्वतःच्या कामाला लावून पाहावी.

मॅक्लॅरेनने शेवटची मोठी फिल्म 1983 साली केली, ‘नार्सिसस’. पाण्यातल्या स्वतःच्याच प्रतिबिंबावर भाळलेल्या ग्रीक तरुणाची ही गोष्ट आहे आणि तीही बॅलेतून सांगितलेली. 27 जानेवारी 1987 रोजी तो वारला. पहिल्या रंगीत पट्टीपासून ते अखेरच्या फिल्मपर्यंत त्याचा विषय एकच राहिला.

‘नॉर्मन’चा प्रयोग आपल्या गावी येईल न येईल, पण मॅक्लॅरेनच्या बहुतेक फिल्म्स नॅशनल फिल्म बोर्ड ऑफ कॅनडाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. सुरुवात ‘अ चेअरी टेल’ने करा, घरात मुलं असतील तर त्यांच्यासकट. मग ‘नेबर्स’, पण ती लहान मुलांना दाखवण्याआधी स्वतः पाहा, कारण शेवटची मारामारी निर्दय आहे. ‘पा द द’ मात्र मोबाइलवर पाहू नका. शक्य तेवढा मोठा पडदा घ्या, खोलीतला दिवा बंद करा, आणि एकदा पूर्ण पाहून झाली की दुसऱ्यांदा मधेमधे थांबवून पाहा. नाच शिकवणाऱ्यांनी तर ती वर्गात दाखवावीच.